प्लग-इन हायब्रिड स्पोर्ट्स कार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेगवान गाड्यांची आवड असलेली चार माणसं एकत्र बसली की हल्ली हा वाद निघतोच. एकाला हजार हॉर्सपॉवर दिसतात, दुसऱ्याला दीडशे किलोचं ओझं दिसतं, आणि दोघंही खरं बोलत असतात. खालची उत्तरं तटस्थ नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या मते स्पोर्ट्स कारला विजेची मोटर शोभते. शंका आहे ती प्लगबद्दल.

आकड्यांबद्दल दोन गोष्टी. हॉर्सपॉवर सगळीकडे मेट्रिक आहे. बॅटरीची क्षमता मी 'युनिट'मध्ये दिली आहे. विजेच्या बिलात येतं तेच हे युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास.

नुसती हायब्रिड आणि प्लग-इन हायब्रिड यांत फरक काय?

दोन्हींत पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर असते. नुसत्या हायब्रिडची बॅटरी लहान असते आणि ती गाडी स्वतःच भरते: ब्रेक लावताना किंवा इंजिनच्या जोरावर. प्लग-इनची बॅटरी त्याहून मोठी असते, ती बाहेरून वायर लावून भरता येते आणि इंजिन बंद ठेवून काही किलोमीटर जाता येतं.

व्याख्या एवढीच. पण या 'काही किलोमीटर'साठी गाडीला काय काय सोसावं लागतं, सगळा वाद तिथे आहे.

हे सुरू कुठून झालं?

२०१३ च्या सुमारास तीन गाड्या एकापाठोपाठ आल्या आणि चित्रच पालटलं. पोर्शे ९१८ स्पायडर: ४.६ लिटरचं व्ही८ (आठ सिलिंडरचं इंजिन; व्ही१२ म्हणजे बारांचं), दोन मोटर, एकूण ८८७ हॉर्सपॉवर, बरोबर ९१८ गाड्या. मॅकलरेन पी१: ३.८ लिटरचं ट्विन-टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या दोन फिरक्या असलेलं) व्ही८, एकूण ९१६ हॉर्सपॉवर, ३७५ गाड्या. आणि ला फेरारी: ६.३ लिटरचं व्ही१२, एकूण ९६३ हॉर्सपॉवर.

या तिघींचं नाव नेहमी एका दमात घेतलं जातं, पण एक गोष्ट सहसा विसरली जाते. ला फेरारीला प्लग नव्हताच. तिची मोटर फक्त इंजिनच्या मदतीला होती; नुसत्या विजेवर फिरण्याची सोय फेरारीने दिली नाही. पी१ ची बॅटरी ४.७ युनिटची, विजेवर जेमतेम दहा-अकरा किमी. ९१८ ची ६.८ युनिटची, सुमारे ३० किमी. म्हणजे 'बॅटरी कशासाठी?' या प्रश्नाची तीन वेगळी उत्तरं तेव्हाच मांडली गेली होती. आज आपण जो वाद घालतो तो त्याचाच पुढचा अंक आहे.

त्यानंतर २०१४ मध्ये बीएमडब्ल्यू आय८ आली. दिसायला सुपरकार, आत १.५ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि पुढच्या चाकांना मोटर, मिळून ३६२ हॉर्सपॉवर. तिला पुष्कळांनी नावं ठेवली. पण कार्बन फायबरच्या सांगाड्यामुळे तिचं वजन दीड टनाच्या आत राहिलं होतं. आजच्या काही प्लग-इन गाड्यांचं वजन बघितलं की आय८ च्या अभियंत्यांबद्दल आदर वाटू लागतो.

कंपन्यांना याची गरज का पडली? चांगली इंजिनं होतीच की.

दोन कारणं आहेत, आणि जाहिरातीत त्यातलं एकच सांगितलं जातं.

जाहिरातीतलं कारण म्हणजे वेग, आणि ते खोटं नाही. न सांगितलेलं कारण म्हणजे नियम. युरोपात कंपनीच्या विकल्या गेलेल्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर मर्यादा आहे, आणि प्लग-इन गाडीचं कागदावरचं उत्सर्जन फार कमी निघतं. चाचणीत गाडी आधी भरलेल्या बॅटरीवर चालवतात, मग रिकाम्या बॅटरीवर, आणि दोन्हींची एका ठरलेल्या प्रमाणात सांगड घालतात. विजेवरची रेंज जितकी जास्त तितका विजेचा वाटा जास्त धरला जातो. म्हणून ७२७ हॉर्सपॉवरची नवी बीएमडब्ल्यू एम५ २०२४ मध्ये आली तेव्हा तिचा कागदावरचा पेट्रोलचा खप १०० किमीला १.७ लिटरच्या आसपास निघाला. एवढ्या पेट्रोलवर मोपेडही खूश होईल.

मग प्रत्यक्षात पेट्रोल किती लागतं?

वायर लावण्याची सवय असेल तर खरंच कमी. नसेल तर जड पेट्रोल गाडीइतकं, कधी त्याहून जास्त.

युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांनी स्वतः नोंदवलेली आकडेवारी जाहीर केली. २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या प्लग-इन हायब्रिड गाड्यांचं प्रत्यक्षातलं उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सुमारे साडेतीन पट निघालं. ही सगळ्या प्रकारच्या प्लग-इन गाड्यांची गोष्ट आहे, फक्त स्पोर्ट्स कारची नाही. कारण साधं आहे: लोक वायर लावत नाहीत. यानंतर युरोपने चाचणीतला विजेचा वाटा टप्प्याटप्प्याने कमी करायला घेतला, त्यामुळे कागदावरचे सुंदर आकडे आता हळूहळू जमिनीवर येतील.

पर्यावरणासाठी म्हणून कुणी हजार हॉर्सपॉवरची गाडी घेत असेल तर त्याला काय सांगावं, मला सुचत नाही.

वजन नेमकं किती वाढतं?

या विषयाचा गाभा हाच, म्हणून जरा सावकाश.

मॅकलरेन आर्तुरा घ्या. वजनाबद्दल इतकी काटेकोर कंपनी क्वचितच सापडेल. तिच्यातले हायब्रिड भाग मिळून १३० किलोचे आहेत. त्यात बॅटरी ८८ किलोची आणि मोटर अवघी १५.४ किलोची. मोटर म्हणजे विमानात हातात नेता येईल अशी बॅग. ओझं आहे ते बॅटरीचं, तिला थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचं आणि जाडजूड वायरींचं.

आता त्या ८८ किलोत साठतं किती? ७.४ युनिट. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते, पण इंजिन त्यातला फार तर एक-तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोचवतं. म्हणजे आर्तुराच्या भरलेल्या बॅटरीतून जेवढं काम निघतं तेवढं सव्वादोन-अडीच लिटर पेट्रोलमधूनही निघतं. त्या पेट्रोलचं वजन दोन किलोही नाही. शिवाय पेट्रोल जळून संपतं तशी गाडी हलकी होते; बॅटरी रिकामी झाली तरी ८८ किलोचीच.

फेरारीत हीच तुलना करता येते. एफ८ ट्रिब्युटो कोरडी (म्हणजे पेट्रोल आणि इतर द्रव न धरता) १३३० किलोची होती. तिच्या जागी आलेली २९६ जीटीबी कोरडी १४७० किलोची. १४० किलो जास्त, म्हणजे दोन माणसं कायमची गाडीत बसवल्यासारखं. ताकद ७२० वरून ८३० झाली, त्यामुळे किलोमागे ताकदीचं गणित तरीही फायद्यात आहे. २९६ मध्ये तडजोड यशस्वी झाली असं मी म्हणतो ते याच हिशेबावर.

चार दारांच्या वेगवान गाड्यांत मात्र हात सैल सुटला. नव्या एम५ चं वजन २४३५ किलो आहे, जुनीपेक्षा पाचशे किलोहून अधिक. मर्सिडीज-एएमजी सी६३, जी एकेकाळी मध्यम आकाराची चपळ सेडान होती, तीही दोन टनांच्या पुढे गेली.

पण सरळ रस्त्यावर ते वजन जाणवतं का?

नाही. मोटरचा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) पहिल्या क्षणापासून हजर असतो, त्यामुळे पिकअप घेताना वजन लपून जातं. म्हणूनच ० ते १०० चा आकडा या गाड्यांबद्दल काहीच सांगत नाही.

जाणवतं ते तीन ठिकाणी. एक, वेगात असताना लागोपाठ उलट-सुलट वळणं आली की. तेव्हा गाडीला एका कुशीवरून दुसरीवर यायला अर्धा क्षण जास्त लागतो. दोन, जोरात ब्रेक मारताना. आणि तीन, खराब रस्त्यावर, कारण जास्त वजन सांभाळायला स्प्रिंग कडक करावे लागतात. चांगल्या गाड्या यातलं बरंचसं झाकतात: मागची चाकं वळवून, पुढच्या दोन चाकांना वेगवेगळा टॉर्क देऊन, सस्पेन्शन क्षणाक्षणाला बदलून. झाकलं जातं हे खरं, पण ती यंत्रणाही पुन्हा वजनदारच असते.

मग या गाड्या खरंच वेगवान आहेत की फक्त कागदावर?

खरंच वेगवान आहेत. सप्टेंबर २०१३ मध्ये ९१८ स्पायडरने जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफ या ट्रॅकवर ६ मिनिटं ५७ सेकंदांची फेरी मारली. रस्त्यावर चालणाऱ्या कारखान्याच्या गाडीने सात मिनिटांच्या आत येण्याची ती पहिली वेळ, असा पोर्शेचा दावा होता. मर्सिडीज-एएमजी वनने, जिच्यात फॉर्म्युला वनमधून आलेलं १.६ लिटरचं व्ही६ आहे, २०२४ मध्ये त्याच ट्रॅकची पूर्ण लांबी ६ मिनिटं २९ सेकंदांत कापली. तीही प्लग-इनच.

पण दुसरी बाजूही बघा. ९१८ ने ट्रॅकच्या ज्या किंचित कमी लांबीवर ६:५७ दिले, त्याच लांबीवर पोर्शेच्याच ९११ जीटी३ आरएसने २०२२ मध्ये ६ मिनिटं ४४.८ सेकंद दिले. तिच्यात ५२५ हॉर्सपॉवर, बॅटरी नाही, टर्बोही नाही. मधल्या नऊ वर्षांत टायर सुधारले, हवेच्या जोरावर गाडी रस्त्याला दाबून धरण्याचं शास्त्र सुधारलं, हे मान्य. तरी साडेतीनशेहून अधिक हॉर्सपॉवरची तफावत टायर, पंख आणि कमी वजनाने भरून निघते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मोटरचा खरा फायदा मग कोणता?

टर्बोची उसंत भरून काढणं. टर्बो इंजिनला पाय दाबल्यावर फिरकी वेग घेईपर्यंत जो क्षण लागतो, तो मोटर भरून काढते. एरवी वळणातून बाहेर पडताना पाय आधी दाबायचा आणि ताकद केव्हा येते याची वाट बघायची, हा खेळ चालतो. चांगल्या हायब्रिडमध्ये तो संपतो. पाय आणि चाक यांच्यात दोरी बांधल्यासारखं वाटतं.

यातून एक गंमत घडली आहे. खालच्या आरपीएमची (इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांची) काळजी मोटरने घेतली की इंजिनवाल्यांचे हात मोकळे होतात. लॅम्बोर्गिनी टेमेरारियोचं ४ लिटरचं ट्विन-टर्बो व्ही८ १०,००० आरपीएमपर्यंत जातं. एवढे मोठे टर्बो आणि एवढा वरचा आरपीएम एकत्र आणायचा तर खाली भला मोठा खड्डा पडला असता. तो मोटरने बुजवला. विजेमुळे पेट्रोल इंजिन जास्त पेट्रोलवेडं झालं, असं मी म्हणतो ते यामुळे. या तंत्रज्ञानाची मला सर्वांत आवडणारी बाजू हीच आहे.

यासाठी बॅटरी केवढी लागते? फार लहान. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

ट्रॅकवर बॅटरी संपली तर?

हा प्रश्न विचारणारा माणूस गाडी खरंच चालवणार आहे, असं समजावं.

आधी गणित. २९६ ची बॅटरी ७.४५ युनिटची आणि मोटर १२२ किलोवॅटची. पूर्ण जोरावर सतत चालवली तर बॅटरी पावणेचार मिनिटांच्या आत रिकामी. प्रत्यक्षात असं होत नाही, कारण मोटर फक्त वेग घेताना लागते आणि अधूनमधून बॅटरी भरतही राहते. पण फेरीमागून फेरी मारताना भरणं आणि खर्चणं यांचा ताळमेळ कुणीतरी ठेवायला हवा. फेरारीत त्यासाठी स्टिअरिंगवर वेगळं बटण आहे. 'परफॉर्मन्स'मध्ये गाडी बॅटरी टिकवून चालते, 'क्वालिफाय'मध्ये सगळं देऊन टाकते. नावातच कबुली आहे: जास्तीत जास्त ताकद एक-दोन फेऱ्यांसाठी, कायमची नव्हे.

दुसरी मर्यादा उष्णतेची. एएमजीने सी६३ आणि जीटी ६३ साठी केलेल्या ६.१ युनिटच्या बॅटरीत ५६० सेल आहेत आणि वीज न वाहणाऱ्या १४ लिटर द्रवाने प्रत्येक सेल वेगळा थंड केला जातो. बॅटरीचं वजन ८९ किलो. इतका खटाटोप करूनही मोटरची १५० किलोवॅटची पूर्ण ताकद एका वेळी दहा सेकंदच मिळते. सतत मिळते ती ७० किलोवॅट. जाहिरातीतला एकूण हॉर्सपॉवरचा आकडा हा असा दहा सेकंदांचा पाहुणा असू शकतो. तो किती वेळ थांबणार हे विकणाऱ्याला विचारायला हरकत नाही.

फॉर्म्युला वनशी तुलना केली तर डोळे उघडतात. २०१४ पासून २०२५ पर्यंतच्या नियमांत बॅटरीतून चाकांकडे जाणाऱ्या मोटरला एका फेरीत जास्तीत जास्त ४ मेगाज्यूल वापरता येत. म्हणजे १.१ युनिट, बस. रेसिंगमध्ये बॅटरी म्हणजे साठवणीची टाकी नसते, ओंजळ असते: भरली की ओतली, ओतली की भरली. रस्त्यावरच्या प्लग-इन गाडीला टाकी वाहावी लागते, कारण तिला पंचवीस किलोमीटर गुपचूप जायचं असतं.

ब्रेक लावताना बॅटरी भरत नाही का? मग संपण्याचा प्रश्नच कुठे येतो?

भरते, पण वाटतं तितकी नाही. १६०० किलोची गाडी ताशी २०० वरून ८० वर आणली तर सुमारे ०.५८ युनिट ऊर्जा मोकळी होते. ट्रॅकवर हे काम साडेतीन सेकंदांत उरकतं, म्हणजे सरासरी सहाशे किलोवॅट. १२० किलोवॅटची मोटर त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा पकडते. उरलेलं सगळं डिस्क तापवण्यात जातं. सौम्य ब्रेक लावत चालवलं तर बराच मोठा वाटा परत मिळतो, पण सौम्य ब्रेक लावायला कुणी ट्रॅकवर जात नाही.

ब्रेक पेडल 'खोटं' वाटतं अशी तक्रार का असते?

कारण पायाखाली दोन वेगळे ब्रेक असतात. आधी मोटर गाडी ओढून धरते, मग पॅड डिस्कला चिकटतात, आणि बॅटरी भरलेली असेल तर मोटर मागे हटते. ही अदलाबदल संगणक करतो आणि पेडलचा कडकपणाही बहुतेक वेळा तोच ठरवतो. चांगल्या गाडीत सांधा कळत नाही. वाईट गाडीत सिग्नलपाशी थांबताना शेवटच्या दोन मीटरमध्ये गाडी मान डोलावते. या एका बाबतीत मी कुणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवत नाही. स्वतः पाय ठेवून बघावा.

२५-३० किमीची रेंज पुरते का?

कशाला, त्यावर आहे. रोज कामावर जाणं-येणं दहा-बारा किमीचं असेल आणि घरी वायर असेल तर पुरते. पहाटे साडेपाचला शेजाऱ्यांना न उठवता गल्लीबाहेर पडायला तर उत्तमच. जिथे फक्त विजेवरच्या गाड्यांना प्रवेश किंवा सवलत आहे अशा शहरांत उपयोग होऊ शकतो, पण तिथले नियम बदलत राहतात. लंडनच्या गर्दी-शुल्कातली प्लग-इन हायब्रिडची सूट ऑक्टोबर २०२१ मध्ये बंद झाली.

लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टोची गोष्ट याहून वेगळी. तिची बॅटरी ३.८ युनिटची, रेंज दहा किमीच्या आसपास. १०१५ हॉर्सपॉवरच्या व्ही१२ गाडीला ही वायर कशासाठी, असं कुणालाही वाटेल. खरं म्हणजे बॅटरी लहान ठेवून त्यांनी शहाणपणाच केला. प्लग तिथे नावापुरता आहे. इंजिन सहा मिनिटांत बॅटरी भरून देतं.

एम५ दुसऱ्या टोकाला. १८.६ युनिट वापरता येणारी बॅटरी, ६५ किमीच्या पुढे रेंज, विजेवर ताशी १४० पर्यंत. आठवडाभर पेट्रोलचा थेंब न जाळता ऑफिसला जाता येईल अशी ती खरीखुरी दुहेरी गाडी आहे. फक्त तिला मी आता स्पोर्ट्स कार म्हणत नाही. ती फार वेगवान अशी फार जड गाडी आहे.

इंजिनने बॅटरी भरता येते, मग वायर लावायची गरज काय?

गरज नाही, पण मग विजेवर चालण्यात अर्थ उरत नाही. पेट्रोल जाळून वीज करायची, ती साठवायची आणि पुन्हा मोटरला द्यायची, यात प्रत्येक टप्प्याला थोडी थोडी ऊर्जा वाया जाते. ट्रॅकवर जाण्याआधी बॅटरी भरून घ्यायला ही सोय चांगली. रोजच्या वापरात ॲव्हरेज मार खातं.

फास्ट चार्जिंग?

बहुतेक गाड्यांत नाही, आणि लागतही नाही. सात-आठ युनिटची बॅटरी घरच्या चार्जरवर दोन-तीन तासांत भरते.

रिव्हर्स गिअर काढून टाकला हे खरं आहे का?

खरं आहे. फेरारी एसएफ९० आणि मॅकलरेन आर्तुराच्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स गिअरच नाही. मोटर उलटी फिरवली की गाडी मागे जाते. गिअर, शाफ्ट आणि त्यांचं वजन वाचतं. बॅटरीने टाकलेल्या ओझ्यातलं थोडंफार असं परत मिळवलेलं आहे. 'बॅटरी संपली तर गाडी मागे कशी घ्यायची?' हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. गाडी तेवढा साठा राखून ठेवते. पडद्यावर शून्य दिसलं तरी आत शून्य नसतं.

आवाजाचं काय?

इथे अभियांत्रिकी संपते आणि भावना सुरू होतात, पण भावनांना कमी लेखू नये. स्पोर्ट्स कार ही गरजेची वस्तू कधीच नव्हती.

हायब्रिड असणं आणि आवाज वाईट असणं यांचा थेट संबंध नाही. रेव्हुएल्टोचं व्ही१२ टर्बोविना आहे आणि मनसोक्त ओरडतं. २९६ चं १२० अंशांचं व्ही६ ऐकून तर जुन्या व्ही८ वाल्यांनीही मान डोलावली. बिघडतं केव्हा? हायब्रिडच्या भरवशावर सिलिंडर कापले जातात तेव्हा. सी६३ मधलं व्ही८ काढून दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन बसवलं. कागदावर ६८० हॉर्सपॉवर, आधीपेक्षा कितीतरी जास्त. पण ज्यांना ती गाडी हवी होती त्यांना ती त्या व्ही८ साठी हवी होती. तेलही गेलं, तूपही गेलं अशी त्यांची गत झाली. आकड्यांत फायद्याची, पण आवाजाने आणि वजनाने महाग पडलेली अदलाबदल म्हणून हे उदाहरण पुढे कित्येक वर्षं सांगितलं जाईल.

विजेवर चालताना एकदम पाय दाबला तर थंड इंजिनचं नुकसान होत नाही का?

काळजी रास्त आहे. गाड्या यावर उपाय करतात: तेल तापेपर्यंत आरपीएमची मर्यादा खाली ठेवतात आणि तेवढ्या वेळात मोटरला जास्त काम देतात. तरी ओव्हरटेक करायचा अंदाज असेल तर दोन-चार किमी आधीच हायब्रिड मोडमध्ये जावं. पूर्वी इंजिन गरम व्हायची वाट बघायचो, तीच सवय नव्या रूपात.

बॅटरी किती वर्षं टिकते? जुनी गाडी घ्यावी का?

स्पोर्ट्स कारची बॅटरी लहान आणि तिच्यावर ताण मोठा. शिवाय अशा गाड्या महिनोन्महिने झाकून ठेवलेल्या असतात. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. साधी १२ व्होल्टची बॅटरी तर त्याही आधी दगा देते. पार्क केलेल्या गाडीला मेंटेनन्स चार्जर लावून ठेवावा.

फेरारीने २०२४ मध्ये वाढीव वॉरंटीची योजना आणली, जिच्यात आठव्या आणि सोळाव्या वर्षी उच्च दाबाची बॅटरी बदलून मिळते. योजना चांगली आहे. पण आठव्या वर्षी बदलायची सोय आधीच विकावी लागते, यातून काय कळायचं ते कळतं. चाळीस वर्षांची जुनी फेरारी चांगला मेकॅनिक आजही उभी करतो. २०६० मध्ये एसएफ९० ची बॅटरी आणि तिचं सॉफ्टवेअर कोण उभं करणार, हा प्रश्न जुन्या गाड्यांवर जीव असलेल्यांना छळतो आणि बाजारभावातही तो डोकावतो. सेकंडहँड घेताना बॅटरीच्या तब्येतीचा अधिकृत सेवा केंद्राचा अहवाल आणि उरलेली वॉरंटी लेखी बघावी. त्याविना कितीही स्वस्त असली तरी नको.

घरी दुरुस्ती करता येते का?

टायर, वायपर, पॉलिश. नारिंगी वायर दिसली की हात मागे. ती उच्च दाबाची असते आणि प्रशिक्षित माणसानेच तिला हात लावावा.

मग प्लग नसलेली हायब्रिडच बरी नाही का?

माझं मत विचाराल तर, स्पोर्ट्स कारसाठी बहुतेक वेळा हो.

पोर्शेने २०२४ मध्ये ९११ करेरा जीटीएस हायब्रिड केली, पण प्लग दिला नाही. १.९ युनिटची बॅटरी, गिअरबॉक्समध्ये एक मोटर आणि टर्बोच्या दांड्यावर दुसरी. एकूण ५४१ हॉर्सपॉवर, आधीपेक्षा फक्त ५० किलो जास्त. न्युरबुर्गरिंगवर ती जुन्या जीटीएसपेक्षा ८.७ सेकंदांनी वेगवान ठरली. शेव्हरोले कॉर्व्हेट ई-रेचीही बॅटरी १.९ युनिटची, पुढच्या चाकांना मोटर देऊन कॉर्व्हेट पहिल्यांदाच चारही चाकांवर चालू लागली. टर्बोची उसंत भरणं असो, पुढची चाकं ओढणं असो किंवा ब्रेकची ऊर्जा परत घेणं असो, ओंजळभर बॅटरीत भागतं. टाकी लागते ती फक्त मुकाट्याने चालण्यासाठी.

याच्या विरोधात एक चांगला युक्तिवाद आहे आणि तो मी टाळत नाही. २९६ सारखी गाडी आठवड्यातले पाच दिवस गर्दीत चालवणाऱ्याला मुकाट चालणं हीच चैन असते. त्याच्यासाठी ते १४० किलो वाया गेलेले नाहीत. फक्त असा माणूस स्वतः आपण आहोत का, हे प्रामाणिकपणे ठरवायला हवं. मी माझ्यापुरतं ठरवलं: मी नाही. मी तिसऱ्या दिवशी वायर लावायला विसरणारा माणूस आहे.

पूर्ण विजेवरची का नाही? दोन दगडांवर पाय कशाला?

वजन हाच मुद्दा इथेही आडवा येतो. आर्तुरासारख्या हायब्रिडची बॅटरी ८८ किलोची असते, लांब पल्ल्याच्या विजेच्या गाडीची कित्येक पट जास्त. सरळ वेगात विजेची गाडी जिंकते. हलकेपणात, आवाजात आणि ट्रॅकवर तासभर टिकण्यात अजून नाही. दोन दगडांवर पाय हा टोमणा म्हणून ठीक आहे, पण पूर असताना नदी पार करायची तर दगडांवर पाय ठेवतच जावं लागतं.

टेस्ट ड्राइव्हमध्ये नेमकं काय बघावं?

बॅटरी रिकामी करून मागा. विक्रेता नेहमी भरलेली गाडी देतो आणि पहिली दहा मिनिटं विजेवर तरंगत जातात. खरी गाडी त्यानंतर सुरू होते. रिकाम्या बॅटरीवर पिकअप किती उरतो आणि इंजिन चालू-बंद होताना धक्का बसतो का, ते बघा. मग एखाद्या वळणावळणाच्या रस्त्यावर दोन वळणं लागोपाठ घ्या. नंतर सिग्नलपाशी अगदी हळूहळू ब्रेक लावून थांबा, तीन-चार वेळा. पुढची डिकी उघडून तुमची बॅग मावते का तेही तिथल्या तिथे बघून घ्या. जागेचं काय झालं ते कुणी आपणहून सांगत नाही. आणि परत आल्यावर चार्जिंगची वायर गाडीत कुठे ठेवतात ते विचारा. विक्रेत्याला ती शोधावी लागली तर त्या गाडीच्या आधीच्या मालकाने ती किती वेळा लावली असेल, याचा अंदाज येतो.